कचरा आला असेल

गाडी अचानक बंद पडली असं जुन्या गाडीचा मालक सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. जुन्या गाडीचं अचानक बंद पडणं दोन-तीन महिने चाललेलं असतं. सकाळी चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय ती घेत नसते, सिग्नलला उभी राहिली की थरथरत असते, चढावर मिसिंग मारत असते. शेजारी बसणाऱ्या बायकोने "हा टकटक आवाज कसला येतोय?" असं विचारलेलं असतं आणि मालकाने रेडिओ मोठा करून त्या आवाजाचा बंदोबस्त केलेला असतो. मग एके दिवशी भर चौकात इंजिन थांबतं आणि हाच मालक खाली उतरून, कपाळावरचा घाम पुसत, जमलेल्या मंडळींना सांगतो, "काय झालं कळत नाही हो, आत्तापर्यंत मस्त चालत होती!"

मंडळी जमायला वेळ लागत नाही. अपघात दिसला तर आपला माणूस थांबावं की सटकावं याचा विचार करतो. पोलीस, पंचनामा, साक्ष, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येतं. उघड्या बॉनेटमागे यातलं काहीच नसतं. तिथे फक्त मत द्यायचं असतं, आणि मत द्यायला आपण ऑफिसला उशीर करू शकतो.

पहिला येणारा हटकून विचारतो, "पेट्रोल आहे ना?" मालकाला हा प्रश्न जिव्हारी लागतो. आपण काय इतके हे आहोत का, अशा नजरेने तो बघतो. खरं म्हणजे रस्त्यावर विचारल्या जाणाऱ्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत शहाणा प्रश्न आहे. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा टाकीतला तरंगणारा गोळा अडकला की जिथे असेल तिथेच मुक्काम करतो. अर्ध्यावर अडकलेला काटा मालकाला वर्षानुवर्षं सुखात ठेवतो. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर म्हणून नेहमी "कालच टाकलंय" असं मिळतं, आणि टाकीचं झाकण उघडून कोणी बघत नाही.

दुसरा येतो तो बॉनेटमध्ये डोकावतो, काही क्षण गंभीर होतो आणि सांगतो, "कचरा आला असेल." हे निदान कधीच फुकट जात नाही. कचरा कुठे आला, कुठून आला, हे त्याला कोणी विचारत नाही. कार्बोरेटरच्या ज्या जेटमधून इंजिनाला पेट्रोल मिळतं त्याचं भोक जेमतेम मिलिमीटरभर असतं, आणि पंचवीस वर्षांच्या टाकीच्या तळाशी गंज, माती आणि कुठल्या तरी पंपावरचं पाणी हे साठलेलंच असतं. म्हणजे कचरा आहेच. तो आज आडवा आला का, एवढाच प्रश्न. गाडी चालू झाली तर कचरा निघाला आणि नाही झाली तर कचरा फार आत गेला. माझ्या माहितीत या निदानाने आजवर हार खाल्लेली नाही.

तिसरे गृहस्थ निवृत्त असतात. ते बॉनेटकडे बघतसुद्धा नाहीत. हात पाठीमागे बांधून ते त्यांच्या अँबेसेडरची हकिकत सांगतात, जी त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाला जाताना कराडच्या अलीकडे अशीच बंद पडली होती. हकिकतीत उंब्रजचा एक मिस्त्री येतो, त्याने अडीच रुपये घेतलेले असतात आणि ती गाडी पुढे बारा वर्षं तक्रार न करता चालते. नेमकं काय बिघडलं होतं हे मात्र हकिकतीत येत नाही. ते विचारलं की गृहस्थ म्हणतात, "ते महत्त्वाचं नाही."

अलीकडे चौथा एक तरुण असतो. तो मोबाइलवर व्हिडिओ लावतो. त्यात अमेरिकेतला कोणी दाढीवाला आपल्या गॅरेजात उभा राहून डाव्या स्टिअरिंगची, आठ सिलिंडरची गाडी दुरुस्त करत असतो. आपल्यापुढे चार सिलिंडर असतात आणि त्यांतले किती जिवंत हे ठाऊक नसतं. तरी तरुण चिकाटीने व्हिडिओतला भाग आपल्या बॉनेटमध्ये शोधत राहतो.

या सगळ्यांत हाताला काळं लावून घेणारा एकच भेटतो, तो म्हणजे शेजारी ट्रक उभा करून उतरलेला क्लीनर. तो बोलत नाही. पान्हा घेतो आणि कार्बोरेटरवर दोन टोले हाणतो. सुशिक्षित मंडळी शहारतात. पण कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई अडकली असेल तर ती मोकळी करायचा याहून जलद उपाय कुठल्याही पुस्तकात नाही.

आणि मग सगळ्यांना एकच इच्छा होते. "जरा सेल्फ मारा बघू!" मालक मारतो. मग "सरका, मी मारतो." दुसरा मारतो. प्रत्येकाची अशी श्रद्धा असते की आपल्या हातात काहीतरी वेगळं आहे. अर्ध्या तासाने बॅटरी बसते, दर वेळी चोक ओढल्यामुळे प्लग पेट्रोलने भिजून गाडी ओव्हर होते आणि कोणीतरी उत्साहाने उघडलेल्या झाकणाचा एक स्क्रू गडप होतो. गाडी थांबली तेव्हा तिच्यात एक बिघाड होता. मिस्त्री येईपर्यंत ते चार झालेले असतात, आणि त्यांतले तीन लोकवर्गणीतून आलेले असतात.

इंजिनाला खरं तर फार थोडं लागतं. पेट्रोल आणि हवा, ती दाबायला बंद सिलिंडर, आणि वेळेवर ठिणगी. जुन्या पेट्रोल गाडीत ही ठिणगी पाडायची व्यवस्था मोठी मजेशीर होती. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये जाऊन पंधरा-वीस हजारांच्या घरात पोचायचे. त्यासाठी दर ठिणगीला प्राथमिक तारेतला प्रवाह तोडावा लागे, आणि तो तोडायला डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन बारीक टिकल्या असत. गॅरेजातला शब्द प्लॅटिनम. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर या टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडायच्या आणि मिटायच्या. त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ते मोजायला फीलर गेज नावाचं हत्यार मिळतं. आमच्याकडे ते काम दाढीच्या ब्लेडने, नाहीतर मालकाच्याच व्हिजिटिंग कार्डाने व्हायचं. टिकल्या जळू नयेत म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर. त्याची किंमत विचाराल तर मोटारीतला सर्वांत गरीब भाग. त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि तो याचा सूड घेतो.

चांगला मिस्त्री बॉनेट लगेच उघडत नाही, ही त्याची पहिली खूण. तो आधी विचारतो. बंद पडली ती कशी पडली? चावी फिरवल्यासारखी फटकन गेली, की धापा टाकत, धक्के खात गेली? फटकन गेली असेल तर करंट तुटला. आचके देत गेली असेल तर पेट्रोल कमी पडलं. मोठा आवाज होऊन गेली असेल तर तो पुढचे प्रश्न विचारत नाही, ट्रॉलीवाल्याला फोन लावतो. मग डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागतात का, आणि सेल्फ मारल्यावर इंजिन रोजच्यासारखं जड फिरतं की भलतंच हलकं, शिट्टी मारल्यासारखं फिरतं? हलकं फिरत असेल तर तो डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो, मालकाला सेल्फ मारायला सांगतो आणि आतला रोटर फिरतोय का एवढंच बघतो. इंजिन फिरतंय आणि रोटर गप्प आहे म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा चेन गेली. झाला निकाल. सगळी मिळून पाच मिनिटं. कार्बोरेटर उघडून फुंकर मारत बसलेल्या मंडळाला हे फार कोरडं वाटतं.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. "मागच्या वेळी कोणी हात लावला होता?" जुन्या गाडीत बहुधा तेच निसटलेलं असतं जे शेवटचं बसवलेलं असतं; सैल राहिलेली तार, उलटा लावलेला पाइप, घट्ट न केलेला बॅटरीचा टर्मिनल. पण या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. मालकाने दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन स्वस्तात काम करून घेतलेलं असतं, आणि ते तो मरेपर्यंत सांगणार नसतो.

आमच्या मामांची गाडी प्लॅटिनमच्या काळातली, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीचा दोष नव्हता आणि मामा हा लेख वाचणार आहेत. ही गाडी मे महिन्यात बोरघाटात बंद पडायची. नेमाने. खोपोली सोडली, चढ लागला, वळणं सुरू झाली की कुठेतरी तिचा जीव जायचा. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी त्या घाटात उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फियाट असो, अँबेसेडर असो, सगळ्यांचा एकच रोग मानला जायचा: गाडीने हवा धरली. तो रोग खोटा नव्हता. पेट्रोल ओढणारा पंप, ज्याला गॅरेजात एसी पंप म्हणतात, तो थेट इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढतो म्हणजे नळीत दाब कमी. त्यात घाटातला पहिला गिअर, मंद वेग, वारा नाही, इंजिन तापलेलं. पेट्रोलमधला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा. उपाय सर्वांना माहीत होता: पंपावर ओलं फडकं.

मामांकडे यासाठी एक खास फडकं होतं. मामींच्या जुन्या नऊवारीचं. गाडी थांबली की मामा न बोलता उतरायचे, कॅनमधलं पाणी फडक्यावर ओतायचे आणि पंपाला ते अशा काळजीने गुंडाळायचे की मामी म्हणायच्या, "माझ्या तापात एवढं केलं नाहीत कधी." मग आम्ही सगळे दरडीच्या सावलीत बसायचो, थर्मासमधला चहा व्हायचा, चकल्या व्हायच्या. अर्ध्या तासाने मामा सेल्फ मारायचे आणि गाडी पहिल्या झटक्यात घ्यायची. मामा आमच्याकडे एकदा बघायचे. त्या बघण्यात व्याख्यान असायचं.

घरात यावर तीन पक्ष होते. मामांचा पक्ष फडक्याचा. आजीचा पक्ष शिंग्रोबाचा. बोरघाटातून रेल्वेला वाट दाखवणारा धनगर म्हणून ज्याची कथा सांगतात, त्याचं देऊळ जुन्या रस्त्यावर घाटातच आहे, आणि जाता-येता गाडीवाले तिथे नाणं टाकतात. आजी म्हणायची, ज्या खेपेला मामा घाईत नाणं टाकायचं विसरतात त्याच खेपेला गाडी थांबते. नाणं टाकूनही थांबली की आजी विचारायची, "किती टाकलं होतंस?" तिसरा पक्ष मामींचा. त्यांचं म्हणणं, गाडीला काहीही झालेलं नाही, तिला चहा हवा असतो. या तिघांतला एकही पक्ष कधी पुराव्याअभावी कमजोर पडला नाही. प्रत्येक खेपेला फडकं होतं, देवाला नमस्कार होता, चहा होता, आणि गाडी सुरू होत होती.

यातलं कोडं नंतर सुटलं. सुट्टीत एकदा मामांनी खोपोलीतच एका मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "धक्के खाते का आधी?" मामा म्हणाले, "छे, छान चालत असते, फटकन जाते." मिस्त्री गप्प झाले. मग म्हणाले, "आत्ता चालू आहे तोवर मी हात लावत नाही. चालू गाडीत काय शोधू? चला, मी येतो बरोबर. बंद पडू द्या, मग बोलू."

हे वाक्य सोन्यात मढवून प्रत्येक गॅरेजात लावायला हवं. जुन्या गाडीचा खोडसाळपणा असा की गॅरेजच्या दारात ती वर्गात गोंधळ घालणारं पोर पालकसभेत हाताची घडी घालून बसतं तशी वागते. मिसिंग नाही, आवाज नाही, पहिल्या सेल्फला चालू. मालक शपथेवर सांगतो की सकाळी ही बंद पडली होती. मिस्त्री सहानुभूतीने बघतो आणि "प्लग साफ करून देतो" म्हणतो. प्लग साफ होतात, पैसे दिले जातात, आणि पुढच्या चौकात गाडी आपलं म्हणणं पुन्हा मांडते.

खोपोलीचे मिस्त्री मात्र गाडीत मागे आजीशेजारी बसले. घाट सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा मामा गाडी बंद पडायची वाट बघत होते, आणि तेवढ्यासाठी ती बंद पडेना. आजीने नाणं टाकू नये म्हणून मिस्त्रींनी तिला विनंती केली असं मामी सांगतात. मी ते ऐकलेलं नाही. अखेर एका वळणावर गाडी फटकन गेली. मामा सवयीने फडक्याकडे वळले. मिस्त्री म्हणाले, "पाणी लावायचं नाही!" आणि उतरून त्यांनी एका प्लगची वायर काढली, तिच्या टोपीत जादाचा एक प्लग खोचून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी दिसायला हवी होती. दिसली नाही. मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडून बाटलीत धरली. पेट्रोल चुळा भरल्यासारखं येत होतं. म्हणजे पंप ठीक, पेट्रोल ठीक, वाफ नाही, कचरा नाही. खिशातून त्यांनी एक कंडेन्सर काढला, जुना बदलला, प्लॅटिनमवरून काचपेपर फिरवला. गाडी तापलेली असतानाच, चहा न घेता, चालू झाली.

तापला की कंडेन्सर दगा देतो आणि गार झाला की पुन्हा कामाला लागतो. तापलेला पंपही अर्ध्या तासात गार होतो. दोन्ही बिघाडांना एकच औषध लागू पडतं, थांबणं. म्हणून फडकं इतकी वर्षं निवडून येत होतं. गाडी सुरू होताना ज्याचा हात लागलेला असतो त्याचं निदान खरं धरलं जातं, हा जुन्या मोटारींच्या जगातला सर्वांत भक्कम नियम आहे, आणि याच नियमावर कित्येक मिस्त्र्यांनी बंगले बांधले.

मामांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ते खोपोलीला मिस्त्रींना सोडून परत येईपर्यंत बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "तरी पण पंप गरम होताच." फडकं डिकीतून निघालं नाही.

आता हे सगळं संपलं असं म्हणतात. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली. प्लॅटिनम गेले, कार्बोरेटर गेला, पेट्रोलचा पंप टाकीत जाऊन पेट्रोलमध्येच बुडाला, आणि घाटात हवा धरणं जवळजवळ बंद झालं. जिला आज आपण जुनी गाडी म्हणतो तिच्यात कॉम्प्युटर असतो. ती बंद पडली की मिस्त्रीचा मुलगा डॅशबोर्डखाली एक स्कॅनर खोचतो आणि कोड वाचतो. पी ०३०० आला तर कुठेतरी मिसिंग आहे. पी ०३३५ आला तर क्रँकच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आता वाद संपले.

संपलेले नाहीत. कोड सांगतो की तक्रार कोणाची आहे. गुन्हा कोणाचा हे तो सांगत नाही. वायर उंदराने कुरतडली तरी सेन्सरच्याच नावाने बोंब येते. मग सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो आणि गाडी दोन दिवस शहाण्यासारखी चालते. "कचरा आला असेल" म्हणणारा माणूस आता "सेन्सर गेला असेल" म्हणतो, आणि त्याच्या आवाजातला आत्मविश्वास तसाच आहे. गंमत म्हणजे क्रँकचा सेन्सर जुना झाला की तोही तापल्यावर बंद पडतो. करंट फटकन जातो, गाडी थांबते, लोक जमतात, अर्ध्या तासाने सेन्सर गार होतो आणि गाडी घेते. त्या अर्ध्या तासात कोणी बॅटरीचे टर्मिनल हलवलेले असतात, कोणी फ्यूज काढून पुन्हा बसवलेले असतात, कोणी सगळी दारं एकदा बंद करून उघडायला सांगितलेली असतात. ज्याचं काम शेवटचं, तो त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगतो की आज एकाची गाडी चालू करून दिली.

मामांनी आता गाडी विकायला काढली आहे. कागदपत्रं पूर्ण आहेत, टायर बरे आहेत, कंडेन्सर नवा आहे. फडकं मात्र गाडीबरोबरच घ्यावं लागेल, अशी त्यांची अट आहे.